दुसऱ्याच्या स्लॅबखाली

पोरगी बघायला येणाऱ्यानं वेळेआधी येऊ नये, एवढी साधी रीत चिंचोळी एमआयडीसीत काम करणाऱ्या हृषीकेशला कुणी शिकवली नव्हती. पाहुणे चारला येणार म्हणून इंद्रायणी दुपारी निवांत घराच्या माळवदावर, मातीच्या छतावर चढून पांढरी माती पसरत होती. तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत धूळ. तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली.

“हिंदुरावांचं घर कुठलं हो?”

फोटोतला चेहरा तिनं लगेच ओळखला. ती उभी होती तेच हिंदुरावांचं घर, आणि ती त्यांचीच लेक. पण सांगोल्याच्या स्थळानं मातीचं घर बघून नकार कळवला, तेव्हापासून वडील खचले होते. आजचा बघायचा कार्यक्रम त्यांनी बाळूकाकाच्या स्लॅबच्या घरी ठेवला होता, आपलंच घर म्हणून.

“म्होरं... त्ये स्लॅबचं,” ती म्हणाली.

तो हललाच नाही. “मग हे कुणाचं?”

“हाय एकाचं. तुमाला काय करायचंय?”

“भिंती हातभर जाड हायत की. आत गार लागत असंल.”

“लई. उन्हाळ्यात पंखा लागत न्हाय. दुष्काळात हिरीवरचा लिंब वाळला, त्याच्या तुळ्या घालून पणज्यानं...” तिनं जीभ चावली.

“तुमच्या पणज्यानं?” तो मान वर करून हसला. ते हसणं तिला आवडलं, पंचाईत तीच होती.

“न्हाय ओ. मी... कामाला हाय हितं.”

तो गेला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. जन्मल्यापासून ज्या घरानं सावली दिली, ते तिनं एका हसऱ्या चेहऱ्यापायी परकं करून टाकलं होतं.

चार वाजता पाहुणे बाळूकाकाच्या सोफ्यावर बसले. हृषीकेशची मावशी चकचकीत फरशी न्याहाळत म्हणाली, “घर झकास बांधलंय.”

“व्हय... आपलंच,” वडील म्हणाले आणि खाली बघू लागले. दरसाल पावसाळ्याआधी पाटी-पाटी माती माळवदावर चढवणारा माणूस दुसऱ्याच्या फरशीवर मान खाली घालून बसला होता. इंद्रायणीला ते बघवेना. तिनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

“हे घर आमचं न्हाय. आमचं मातीचं हाय, रस्त्यात लागलं त्ये. मगाशी मी यांच्याशी खोटं बोलले.”

वडिलांनी टॉवेलनं तोंड पुसलं. आता हे लोक उठतील, असं तिला वाटलं.

“गावाकडं, केमला, आमचंबी माळवदाचंच होतं,” हृषीकेश हळूच म्हणाला. त्याचीही नजर खाली होती. “लग्न जमंना म्हून मीच पाडायला जेसीबी लावला. आमचे वडील त्या दिवशी रानातच बसून राहिले... तवापासून त्यांच्या तोंडाकडं बघून बोलता येत न्हाय मला.”

मावशीनं पदर सारखा केला. हृषीकेशनं पहिल्यांदाच इंद्रायणीचा उघडा चेहरा नीट पाहिला. तिनंही पाहिलं. दोघंही सारखेच ओशाळले होते, त्यामुळं तिला नजर चोरावीशी वाटली नाही.

“पसंतीचं मागनं बघू,” तो म्हणाला. “आदी घर दावता का?”

“दार ठेंगणं हाय... वाकून यावं लागंल.”

“वाकतो की.”