वर्षभराचं ‘नको’

दार उघडलं आन समोर दिपेश! डोक्यापासनं निथळत, लॅपटॉप शर्टात दडवलेला... छायाच्या हातातनं पेनच पडलं. वर्षभर तिनं ज्याची वाट बघितली नाय – निदान सगळ्यांना ती असंच सांगायची – तो भातसानगरचा दिपेश, आज, शहापूरच्या तिच्या इवल्याशा ऑफिसात!

“मशिनी अडल्यात म्हणं.”

“मशिनी नाय. तुमचा मुकादम अडलाय.”

मुकादम म्हंजे दिपेशनं लिहिलेला, चाळीस कॉम्प्युटर-मशिनींवर नेमलेला एक प्रोग्राम. नाक्यावरचा मुकादम कसा, “चार गडी मोकळे हायत, पायजेत का?” असं शेतकऱ्यांना विचारत फिरतो, तसा हा मोकळ्या मशिनी घेऊन एकेका कामाच्या प्रोग्रामला विचारतो. हो म्हटलं, मशिनी तुझ्या. नको म्हटलं, हा चालला पुढं.

छायाचा प्रोग्राम पुराचा अंदाज काढायचा. तिकडं मुरबाडवर सकाळपासनं आभाळ फाटलेलं, काळू नदी फुगलेली. अंदाज निघाल्याबिगर काळूकाठच्या करवंदवाडीचा इशाऱ्याचा भोंगा वाजायचा नाय, आन चारनंतर वाजून उपेग नव्हता. छायाची आय तिथंच नदीकाठच्या भातखाचरात तण काढायला, बेननीला गेलेली, फोन घरी खुंटीला टांगून. घड्याळात सव्वातीन.

“बारा मशिनी मोकळ्या हायत,” दिपेश पडद्याकडं वाकला. “मुकादम बाकीच्यांना विचारतोय. तुमच्याकडं फिरकतबी नाय.”

“पक्षपाती मेला!”

“शिव्या नका देऊ त्याला. साधा हाय तो. सांगाल तेवढंच ऐकतो.”

“मालकावर गेलाय!”

आता दिपेश साधा म्हंजे किती? मुरबाडला लग्नाच्या पंगतीत हा जिलबी वाढत होता. छायानं पानावर हात आडवा धरून “नको, नको” केलं. अहो, रीतच ती! बोटांत फट ठेवूनच हात धरतात, अन् वाढपी त्या फटीतनं जिलबी सोडतो. हा बाबा खरंच पुढं गेला! ते बघून सिद्धगडाच्या डोंगरानं कपाळाला हात लावला म्हणतात. पुढं एकदा यानं विचारलं, “चहाला येता का?” ती लाजून “नको” म्हणाली. झालं! त्याला वरीस झालं.

साडेतीन. दिपेशचं बोट नोंदींवरनं सरकत होतं... अन् एका ओळीवर थांबलं.

“हे बघा. काल तुमच्या प्रोग्रामला काम नव्हतं, तवा त्यानं मुकादमाला सांगितलं – नको. परत कधी विचारायचं, तर...” त्याचा आवाज बारीक झाला. “एक वर्षानं.”

“पन काम आलं की ‘परत विचार’ सांगायचं, अशी ओळ लिहिली होती मी!”

तिनं भराभरा शोधलं. ओळ नव्हती. गेल्या आठवड्यात साफसफाई करताना तिनंच पुसलेली.

“तरी पन!” ती कळवळून ओरडली. “एकदा नको म्हटलं म्हणून वर्षभर कोन विचारायचं सोडतं का?”

दिपेशनं नोंदीवरचं बोट काढून घेतलं. मग हळूच –

“मी.”

छायाचे कान तापले. पण घड्याळ थांबत नव्हतं. तिनं हुकूम लिहिला – परत विचार. एक श्वास... दोन... अन् बाराच्या बारा मशिनी तिच्या दारात! आकडे धावायला लागले. दोघांनी एकच खुर्ची घट्ट धरलेली, कुणाचा हात कुणावर ते कुणाला कळलं नाय.

चाराला आठ मिनिटं कमी असताना भोंग्याचा हुकूम सुटला.

थोड्या वेळानं शेजारच्या जनीच्या फोनवरनं आय बोलली, “छाये, भोंगा झाला गो! आमी सगळी वर देवळात हाव. खाचर गेलं बघ पान्याखाली...”

छाया रडली, हसली, परत रडली. मग नाक पुसून तिनं ती पुसलेली ओळ परत लिहिली, अन् त्या ‘नको’पुढचं एक वर्ष खोडलं. तिथं लिहिलं – पाच सेकंद.

दिपेशनं ते बघितलं. लॅपटॉप उचलून दारापर्यंत गेला, तिथं त्याचा पाय अडला.

“चहाला... येता का?”

“नको –”

सवयीनं निघालंच तोंडातनं! छायानं जीभ चावली. त्याचा चेहरा उतरला, एक पाऊल बाहेर पडलं...

“दिपेश!”

तिनं हात वर धरला. पाची बोटं पसरून, मधी चांगल्या रुंद फटी ठेवून.

तो हाताकडं बघत राह्यला. मग हळूहळू हसला.

“एक,” तो म्हणाला. “दोन... तीन...”

पाच म्हणेस्तोवर भातसा धरण भरून सांडलं असतं, एवढा वेळ लावला मेल्यानं!

“छाया, चहाला येतेस?”

ती तिसऱ्या आकड्यालाच छत्री घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती.