मागचा हात

विकायचा माल आधी स्वतःच्या अंगावर घालून बघायचा, ही माझी जुनी खोड. शाळेने मला लवकर सोडलं, त्यामुळे जे शिकलो ते गिऱ्हाइकाची बोलणी खाऊन शिकलो. एकदा गमबुटांचा नवा माल आला, तर ते घालून मी दिवसभर पाण्याच्या हौदात उभा राहिलो होतो. बायको शेजारणीला म्हणाली, "दुकान बंद करून आम्ही आता म्हैस पाळलीय." म्हणू दे. त्या बुटांबद्दल आजतागायत अग्निशमन दलाच्या एकाही जवानाची कुरकूर आली नाही.

तर त्या दुपारी अग्निशमन केंद्रावर नवे दोर पोचवायला गेलो होतो. काम एवढंच. दोर उतरवायचे, चहा घ्यायचा, परत फिरायचं. पण जावईबापू म्हणाले, "मामा, दोर कसा चालतो ते आत येऊन बघता का?" आणि मी आपला तयारच.

जावई तिथले तुकडीप्रमुख. पोरीचं लग्न मी त्यांच्याशी लावलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, आगीत उड्या मारणाऱ्याला कुणी मुलगी देतं का? मी म्हणालो, जो दुसऱ्याला सोडून पळत नाही, त्यालाच द्यावी.

हे नवे दोर का मागवले, ते आधी सांगायला हवं. जरा जवळ सरकून बसा.

धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी. बोललेलं धड कळत नाही. म्हणून ही मंडळी एकामागे एक, भिंत चाचपत आत जातात, आणि त्याच ओळीने वळसा घालून दाराकडे परत येतात. बाहेर पडायची वेळ झाली की सगळ्यात मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात मारतो. तो त्याच्या पुढच्याच्या. असं करत तो हात म्होरक्याच्या खांद्यापर्यंत येतो. 'हात आला' म्हणजे सगळे आहेत, चला. कुठल्या साहेबाने काढलेला हा नियम नव्हे. जुन्यांनी नव्यांना शिकवलेली रीत. हात आल्याशिवाय म्होरक्या दाराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि आला की क्षणभर थांबत नाही.

पावसाळ्याआधी सफरचंदांच्या एका शीतगृहाला आग लागली. जावई पुढे, सगळ्यात मागे रेडिओ, आणि रेडिओच्या पुढे लांब्या. रेडिओ हे त्याचं टोपणनाव. सकाळी तोंड सुरू झालं की रात्री झोपेतच बंद, म्हणून. लांब्या नावाप्रमाणेच लांब, आणि अबोल. दोघांची जोडी म्हणजे एकाने बोलायचं आणि एकाने मान हलवायची.

हात आला. जावयांनी तुकडी बाहेर काढली. बाहेर येऊन मुखवटे उतरवले, तर रेडिओ नव्हता. पुन्हा आत जायला वळले आणि छप्पर बसलं.

रेडिओ सापडला तो अगदी आतल्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, हा कधीच गेला होता. तुम्ही हात आला म्हणता, त्याच्या बऱ्याच आधी. मग हात दिला कुणी? लांब्या एकच सांगत राहिला, "मला मागून आला, म्हणून मी पुढे दिला." कुणाचा विश्वास बसेना. घाबरला, बाहेर पडायची घाई झाली, खोटा हात दिला, असंच सगळे म्हणाले. जावईही म्हणाले. लांब्याच्या शेजारी जेवायला कुणी बसेना. आणि जावयांनी रीतच मोडून टाकली. आता हात नाही. कमरेला आकडा, आकड्यात दोर, आणि एकट्याने मागे फिरायचं नाही, हा त्यांचा कडक नियम.

नियम चांगलाच होता. पण पोरगी सांगायची, "बाबा, हे रात्रभर पलंगाच्या काठावर बसून असतात. मी माणूस आत ठेवून आलो, एवढंच म्हणतात." त्यावर बापाने काय बोलायचं? वजन-मापाच्या गोष्टी मला कळतात. हे कुठल्या काट्यावर तोलायचं?

केंद्रामागे सरावाची खोली आहे. जुनं कोठार, खिडक्या विटांनी बुजवलेल्या, आत फळ्यांच्या आडभिंती, बोळ, पोती. यंत्राने धूर सोडतात. निरुपद्रवी असतो, थोडा गोडसर वास येतो. सरावाला लांब्या येणार म्हटल्यावर बाकीचे जवान एकाएकी गाडी धुवायला लागले. इतक्या भक्तीने ती गाडी कधी धुतली गेली नसेल. उरलो आम्ही तिघं. पुढे जावई, मध्ये लांब्या, मागे मी. ड्रायव्हर दाराशी धुराच्या यंत्रावर.

मला टाकी बांधताना ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, श्वास जपून घ्या. तुम्ही हिशेबी माणूस, तुम्हाला काय सांगायचं!"

"तू दार नीट लाव," मी म्हणालो. "गिऱ्हाईक पळून जाईल."

सगळे हसलो. लांब्यासुद्धा किंचित हसला. मग दार लागलं.

अंधार मी पुष्कळ पाहिलाय. गोदामात वीज गेली की असतो तो अंधार निराळा. त्यात डोळे हळूहळू सरावतात. हा सरावत नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटले, तेही कळेना. मुखवट्यातल्या रबराचा वास, आणि माझाच श्वास माझ्या कानात... कुणीतरी जवळ उभं राहून घोरावं तसा. डावा हात भिंतीवर. पुढे दोराची ओढ. लांब्याच्या बुटांची खरड, मग शांतता, पुन्हा खरड.

एक वळण झालं. दुसरं झालं, आणि वळसा घालून आम्ही परत दाराकडे निघालो. भिंत गार लागायला लागली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भिंत ओलसर गार. मी मनात म्हणालो, जुनं बांधकाम आहे.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून हात पडला.

खोटं कशाला बोलू, मी दचकलोसुद्धा नाही. इतकी वर्षं या लोकांत उठबस केलेली, रीत अंगात मुरलेली. वाटलं, ड्रायव्हर मागून आत आला असेल. मी सवयीने लांब्याच्या खांद्यावर हात मारला.

लांब्या जागच्या जागी थिजला.

दोर सैल पडला. पुढून जावई दोर धरत मागे आले. मुखवट्यातून त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"कोण थांबलं?"

"साहेब..." लांब्या म्हणाला. "हात आला."

"हात बंद केलाय मी."

"मी नाही दिला, साहेब. शपथेवर सांगतो. शेठनी दिला..."

"मामा?"

"मला मागून आला," मी म्हणालो. म्हणालो आणि मग माझ्याच कानांनी ते ऐकलं. हेच वाक्य. शब्दाला शब्द.

 तिघांचे श्वास तेवढे चालू होते.

"मामा, शेवटचे तुम्हीच आहात," जावई अगदी हळू म्हणाले. "तुमच्या मागे कुणी नाही."

 मागे वळायचं धाडस होईना. वळूनही दिसणार काय होतं म्हणा.

"कसा होता हात?"

बोलून सांगता येण्यासारखं नव्हतं. मी चाचपून जावयांचा खांदा शोधला आणि मला जसा आला होता तसा दिला. दोनदा थोपटलं आणि मग अंगठ्याने खांदा जरासा दाबला.

जावयांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आणि अंधारात लांब्या रडायला लागला. मुखवट्याच्या आत माणूस रडतो तेव्हा कसा आवाज येतो, तो देव कुणाला न ऐकवो.

"सगळे एकदाच मारतात," जावई म्हणाले. "हातानेसुद्धा जास्तीचं बोलणारा एकच होता."

कड् असा आवाज झाला. त्यांनी कमरेचा आकडा सोडला होता.

"लांब्या, मामांना बाहेर ने."

"साहेब, नका... नियम तुमचाच आहे. एकट्याने मागे फिरायचं नाही."

"एकटा कुठे जातोय मी?"

मी त्यांचं मनगट पकडलं. "जावईबापू, माझ्या पोरीकडे बघा. हा नुसता सराव आहे. आत कुणी नाही."

"मग परत यायला कितीसा वेळ लागणार, मामा?" त्यांनी माझी बोटं हलकेच सोडवली, आणि माझ्या शेजारून मागे गेले. बोळ अरुंद होता. आम्ही भिंतीला चिकटलो तर शेजारून एक माणूस जेमतेम जाईल एवढा. ते जाताना अंगाला घासून गेले. आणि त्यांच्यामागून पुन्हा काहीतरी घासून गेलं.

लांब्याने मला अक्षरशः ओढत बाहेर आणलं. उन्हात आलो आणि मी मुखवटा काढला. ड्रायव्हर आमच्याकडे बघतच राहिला.

"साहेब कुठेत?"

"आत. धूर बंद कर! दिवे लाव आतले, पंखे लाव!"

ड्रायव्हरचं तोंड उतरलं होतं. "शेठ, आतून रडणं ऐकू आलं तेव्हाच सगळं लावलंय मी. दिवे लागलेत. पंखेही चालू आहेत."

मी दारातून आत पाहिलं. पंख्यांची घरघर ऐकू येत होती. आणि दाराच्या आत हातभर अंतरावर काळंकुट्ट. धूर हलतो, वळतो, दारातून बाहेर येतो. हे हलत नव्हतं. उंबऱ्यापाशी येऊन थांबलेलं होतं.

लांब्याने साहेबांच्या नावाने हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मग शिट्टी सुरू झाली. टाकीतली हवा संपत आली की टाकीच शिट्टी वाजवते, बारीक, एकसुरी. आम्ही ती ऐकत उभे. ती शिट्टी दुरून येत होती. फार दुरून. आणि ती खोली केवढीशी होती, ते मी स्वतः बाहेरून चालून बघितलेलं आहे.

गाडी धुणारे हातातले पाइप टाकून धावत आले. लांब्या नवी टाकी चढवत होता. ज्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, तोच आत जायला पहिला. त्याचे पट्टे बांधता बांधता मी मनात पोरीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो, आणि एकही जुळेना.

शिट्टी थांबली.

आणि दारातून जावई बाहेर आले. चालत. सावकाश. बाहेर आल्यावर त्यांनी दार एका हाताने उघडं धरून ठेवलं, बाजूला सरकले, थोडे थांबले, मग सोडलं. त्यांच्यापाठोपाठ आतला काळोख विरला, आणि बघता बघता आडभिंती दिसायला लागल्या. पोती, बोळ, वर पेटलेले दिवे. साधी खोली.

"कोण होतं, साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुणी नाही."

मग ते लांब्यासमोर जाऊन उभे राहिले. सगळ्या तुकडीदेखत म्हणाले, "तू खोटं बोलला नव्हतास. चूक माझी. आजपासून याच्या शेजारी जो बसणार नाही, त्याने माझ्या शेजारीही बसू नये."

माणूस मोठा असतो तो असा. मी पुढे होऊन लांब्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "चला, डाग पुसला गेला तुझा." पण त्याचा चेहरा उजळला नाही. तो साहेबांकडेच बघत होता.

"साहेब," तो पुटपुटला, "मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं ना हो? मग मागे कुणी उरलं नसतं."

जावयांनी मागे वळून उघड्या दाराकडे पाहिलं.

नंतर काही दिवसांनी पोरगी दुकानात आली. दोरांच्या वेटोळ्यांवर बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "बाबा, हे आता झोपतात. गाढ झोपतात. जेवतातही नीट."

"मग छानच की! तोंड का एवढंसं?"

"घरी आले की लगेच दार लावत नाहीत. उघडं धरून उभे राहतात. मग लावतात."

"अदब शिकलेत. तुझ्या आईला सांग, मीही शिकतो."

ती हसली नाही. "काल मी घाईत होते. हे आत आले, आणि मीच मागून दार ढकललं."

"बरं मग?"

"लागलं नाही. मध्येच अडलं. लाकडावर लाकूड आपटतं तसं नाही, बाबा... मऊ. कुणाच्या तरी अंगावर आपटल्यासारखं. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, लागलं का हो?"

बाहेर रस्त्यावर रहदारी चालू होती. मी काट्यावरची वजनं उगाच इकडची तिकडे केली.

"मग मी हात काढून घेतला," ती म्हणाली, "आणि दार हळूच बंद झालं. कडीसकट."

मी व्यापारी माणूस. घाबरलो तरी आधी बारकावा विचारतो.

"कडी बाहेरून लागली की आतून?"

तिने दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"आतून, बाबा."