दवाची घागर

दामूमामांनी कपालभाती सुरू केली तेव्हा विभावरी खाली वाकून आईच्या पायांत कापडी मोजे चढवत होती, त्यामुळे तिच्या लक्षात यायला उशीर झाला. फस्स, फस्स असा आवाज तिला ऐकू येत होता, पण तो भिंतीतल्या एखाद्या यंत्राचा असेल असं तिला वाटलं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या तोंडाशी आता काचेचं तयारीदालन उभं होतं आणि तिथं प्रत्येक वस्तू काही ना काही आवाज करत होती. तिनं मान वर केली तर मामा बाकावर मांडी घालून, डोळे मिटून, पोट आत-बाहेर करत बसलेले. गळ्यात सकाळीच अडकवलेली दवमापीची गळपट्टी.

"मामा, अहो थांबवा ते."

"दोन मिनिटं. फुप्फुसं मोकळी करून घेतो. मग आत श्वास कमी लागतात. शास्त्र आहे हे."

नाशिकला निवृत्तांचा योगवर्ग चालवणाऱ्या माणसाला शास्त्र शिकवायला जाणं म्हणजे डोक्याला ताप. तेवढ्यात त्यांची गाइड, नजमा तडवी, आतल्या दारातून जवळजवळ पळतच आली. तिच्या हातातल्या पाटीवर घागरीचं एक चित्र होतं. त्या घागरीत निळं पाणी चढत होतं आणि ते चांगलंच वर आलं होतं. अजून एकही लेणं पाहून झालं नव्हतं.

"काका, गळपट्टी लावून दालनात आलं की मोजणी सुरू होते," नजमा म्हणाली. "मी बसमध्ये सांगितलं होतं ना."

"बसमध्ये मी अक्काला डोंगररांगांची माहिती देत होतो," मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

विभावरीनं कपाळाला हात लावला. फर्दापूरपासून लेण्यांपर्यंतच्या बसमध्ये नजमानं खरोखरच सगळं नीट सांगितलं होतं. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणूस श्वास सोडतो तेव्हा वाफ सोडतो. त्या वाफेनं गिलावा फुगतो, रात्री आकसतो, पुन्हा फुगतो आणि शेवटी रंग सुटून येतो. म्हणून आता प्रत्येक लेण्यात शोषक यंत्रं बसवली आहेत. ती दिवसभरात जेवढा ओलावा ओढू शकतात तेवढाच आत सोडायचा, आणि तो आलेल्या गटांमध्ये वाटून द्यायचा. दवमापी हनुवटीखाली बसून प्रत्येकाच्या श्वासातलं दव मोजते. खासगी सहलीला सबंध कुटुंबाची मिळून एकच घागर असते. ती भरली की पुढच्या लेण्याचं दार उघडत नाही.

"मग सरळ तोंडाला फडकं बांधायला सांगा," मामा आता म्हणाले.

"ते करून पाहिलं. लोक फोटोसाठी खाली ओढायचे."

पण मामांकडे बोलणं नेहमीच असायचं. पहिल्या लेण्यात शिरल्याबरोबर त्यांनी पद्मपाणीच्या हातातलं कमळ, भुवयांची वळणं आणि निळा रंग कुठल्या दगडाचा, यावर नजमाच्या आधी सांगायला सुरुवात केली. नजमानं दोनदा ओठांवर बोट ठेवलं. विभावरीनं एकदा त्यांच्या कोपराला चिमटा काढला. मामांना तो उत्साहाचा वाटला असावा.

आणि दुसरीकडे आई. वसुमतीबाईंना दम्याचा जुना त्रास होता. आपल्यामुळे घागर भरू नये म्हणून त्या भिंतीपुढं श्वास रोखून उभ्या होत्या. जन्मभर दूध, साबण, वीज, सगळं पुरवून वापरणाऱ्या बाईनं आता श्वासही पुरवायला घेतला होता. व्हायचं तेच झालं. अंधारात त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. नजमानं पाटी छातीशी उलटी धरली, पण त्याआधी विभावरीला घागर दिसली होती. पाणी अर्ध्याच्या वर गेलं होतं.

"आई, तुला श्वास कुणी रोखायला सांगितला?"

"मी म्हटलं, तेवढाच वाचेल."

एक उधळतोय आणि एक वाचवतेय, आणि दोघांचा परिणाम एकच. विभावरीला वाटलं, दोघांना इथंच बसवावं आणि स्वतः परतीच्या बसनं निघून जावं. पण ही सहल तिनंच ठरवली होती आणि ती कुणासाठी ठरवली होती हे ती विसरू शकत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मटार सोलता सोलता आई सहज म्हणून गेली होती की तिनं अजिंठा पाहिलाय, पण बाहेरून. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती आणि बाबा इथं आले होते. विभावरी तेव्हा काही महिन्यांची होती. सतराव्या लेण्याच्या दारात तिनं असं काही रडायला घेतलं की लोक वळून पाहू लागले. "तुम्ही जाऊन या, मग मी जाते," असं आईच म्हणाली. बाबा आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, आत एका आईचं आणि मुलाचं चित्र आहे, फार सुंदर आहे. तोवर परतीच्या गाडीची वेळ झाली होती. ते चित्र राहिलं ते राहिलंच. बाबाही गेले. आणि आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असा चढ चढायचा असेल तर याच हिवाळ्यात, पुढच्या वर्षाचं त्यांना सांगता येणार नाही.

"आपण थेट सतरा नंबरला जाऊ," विभावरी बाहेर येताच म्हणाली.

"त्याची वेळ दुपारची आहे, ताई. त्याआधी ते दार उघडणार नाही," नजमा म्हणाली.

"मग मधलं काही पाहायचं नाही. इथं सावलीत बसू."

"अगं, इतक्या लांब येऊन चैत्यगृह नाही पाहायचं?" मामा म्हणाले. "तिथं चित्रं थोडीच आहेत! नुसते खांब आणि स्तूप. आपण फक्त डोकावू."

"काका, त्या खांबांवरही चित्रं आहेत," नजमा म्हणाली. पण मामा निघाले होते, आणि घागर सगळ्यांची मिळून असल्यानं त्यांना एकट्याला सोडणं धोक्याचं होतं. आईला डोलीत बसवलं. डोलीवाले मजेत धापा टाकत चालत होते. बाहेरच्या हवेत त्यांचा श्वास कुणी मोजत नव्हतं.

चैत्यगृहात मामा खरंच शांत राहिले. त्यांनी हात मागे बांधले, मान वर करून कमानी पाहिल्या, आणि विभावरीला वाटलं, सुटलो. मग त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"मामा, नाही," ती म्हणाली. पण ओंकार निघाला होता. तो निघाला तो कमानींमध्ये भरला, स्तूपाला वळसा घालून परत आला आणि मामांनी तो योगवर्गात शिकवतात तसा, शेवटचा थेंब पिळून काढावा तसा, लांबवत नेला. सुंदर होता तो, हे विभावरीला मान्य करावं लागलं. त्यामुळे तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर बाकावर बसून तिघांनी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. बाहेर मोजणी थांबत असली तरी गळपट्टी काढायची मुभा जेवणापुरतीच होती. नजमाची पाटी बाकाच्या टोकाला ठेवलेली होती आणि घागरीच्या गळ्याखाली बोटभर जागा उरली होती.

दुपारी ते सतराव्या लेण्याशी पोचले. दाराशेजारच्या काळ्या काचेसमोर तिघांनी आळीपाळीनं हनुवटी धरली. काच सौम्य, शिकवलेल्या आवाजात म्हणाली, "आपल्या गटाची शिल्लक तिघांना पुरेशी नाही. सूचना अशी आहे की श्रीमती वसुमती यांनी बाहेर थांबावं. त्यांच्या श्वासाचा दर सर्वांत जास्त आहे. त्या थांबल्यास उरलेल्या दोघांना पूर्ण वेळ मिळेल."

"बरोबर बोलतंय ते," आई लगेच म्हणाली. तिनं पिशवी काखेत घेतली आणि समोरच्या दगडी कठड्याकडे वळलीही. "तुम्ही दोघं जाऊन या. मी बसते इथं. मला काय, सवय आहे."

विभावरीला सकाळपासून मामांचा राग येत होता. आता तिला या काचेचा राग आला, जी एवढ्या अदबीनं बोलत होती. आणि सगळ्यांत जास्त आईचा आला. कुणीतरी बाहेर बसायला हवं म्हटल्याबरोबर ही बाई उठून बसायला तयार.

"आई, तू बसणार नाहीस. तू आत जाणार आहेस. एकटी."

"मी एकटी? मला काय कळणार त्यातलं! दामू येऊ दे, तो समजावून सांगेल."

मामांनी गळपट्टी काढून हातात घेतली होती. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "अक्का, मी बोलून बोलूनच तर ही वेळ आणली. तू जा. मी काही सांगितलं नाही तर तुला जास्त दिसेल."

विभावरीनं काचेला विचारलं की एकट्या वसुमतीबाई गेल्या तर किती वेळ मिळेल. थोडाच, असं काच म्हणाली, आणि सूचना पुन्हा एकदा ऐकवली. गाइडच्या श्वासाची तरतूद वेगळी असायची, त्यामुळे नजमा सोबत जाऊ शकत होती. तिनं आईचा हात धरला. दार सरकलं, त्यामागचं दुसरं दार सरकलं आणि दोघी अंधारात दिसेनाशा झाल्या.

विभावरी कठड्यावर बसली. समोर वाघूर नदीचा कोरडा वळसा होता. याच कठड्यावर आई आपल्याला खांद्यावर थोपटत बसली असेल, असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला त्रास झाला. दाराशेजारच्या काचेवर आता त्यांची घागर दिसत होती. पाणी हळूहळू चढत होतं. मग ते थांबलं. मामाही उठून काचेजवळ आले. पाणी हलत नव्हतं.

"पुन्हा रोखून धरलाय तिनं," विभावरी म्हणाली. काचेखाली आतल्या माणसाशी बोलायचं बटण होतं. तिनं ते दाबलं. "आई, श्वास घे. ऐकतेस ना? तुझाच आहे तो सगळा. घे सावकाश."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाणी पुन्हा चढू लागलं, सावकाश, एका लयीत, आणि मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं मात्र ते एकदम उसळून काठाला भिडलं. घंटा वाजली आणि दारं उघडली.

आईचा चेहरा ओला होता. नजमा हळूच म्हणाली, "आजींना रडू आलं, ताई. तो ओलावाही वेगळा मोजत नाहीत."

"दिसलं का?" विभावरीनं विचारलं.

"दिसलं." आई कठड्यावर टेकली आणि पंप काढून तिनं दोनदा ओढला. "तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं, आई आणि मूल आहे म्हणून. मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, कडेवरचं तान्हं असेल. अगं, ते मूल चांगलं चालतं-बोलतं आहे. बुद्ध, त्याचेच वडील, भिक्षा मागायला दारात आलेत आणि ते त्यांच्याकडे बघतंय. ती मागं उभी आहे, त्याला पुढं करून. काय वाटत असेल तिला!" तिनं पंप पिशवीत टाकला. "हे यांनी सांगितलंच नाही. तुला घेऊन बाहेर बसले होते ना मी, म्हणून मला मूल म्हटलं की तान्हंच सुचलं असेल."

मग आईनं नजमाला विचारलं, "हे काढायला माणसं वर्षानुवर्षं आत बसली असतील. दिवे लावून, धूर खात. त्यांच्यात एखादा दम्याचा नसेल?"

"असेलही, आजी," नजमा म्हणाली. "पण माझी फुफी, म्हणजे आत्या, इथं झाडलोट करायची. ती सांगायची, सकाळी झाडूला रंगाचे कण लागायचे. घागर आल्यापासून लागत नाहीत. खोटं कशाला बोलू?"

विभावरीला तिच्याशी भांडायचं होतं, पण भांडायला जागाच सापडेना. रंगाचे कण कुणाच्याच झाडूला लागायला नको होते, आणि आईला हे चित्र दिसायला हवं होतं, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. याचाच तिला सगळ्यांत जास्त वैताग आला.

बाहेर पडण्याच्या फाटकाशी गळपट्ट्या परत करायच्या होत्या. मामांनी तिन्ही गोळा करून खाचेत सरकवल्या आणि डोलीवाल्यांना शोधायला गेले. विभावरीसमोरची काच उजळली. आवाज बंद होता, नुसती अक्षरं उमटली.

आपल्या भेटीबद्दल आभार. आजची घागर वेळेआधी भरली. श्री. दामोदर: कारण तात्पुरतं, प्राणायाम व गायन. श्रीमती वसुमती: कारण कायमचं. पुढच्या हंगामापासून पास देतानाच श्वास तपासला जाईल. आपल्या गटाला सर्व लेण्यांचा लाभ मिळावा म्हणून श्रीमती वसुमती यांना आत्ताच वगळून ठेवायचं का?

खाली दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. तिसरी कुठं दिसते का म्हणून विभावरीनं काचेवरची अक्षरं वरखाली सरकवून पाहिली.

आई मागून येऊन तिच्या दंडाला धरून उभी राहिली. तिचा चष्मा पिशवीच्या तळाशी होता. तिनं डोळे बारीक करून काचेकडे पाहिलं.

"काय विचारतंय गं ते?"