खुंटीवरचा शर्ट

लप... लप... लप.

शिवणयंत्र थांबलेलं होतं, म्हणून तेवढासा आवाजही खोलीभर ऐकू आला. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगाशेजारी इवलीशी मांजर चिंधी वाटीत तोंड घालून खात होती. आपणहून!

"मावशी, खातेय!" चिमुरडी भाची किंचाळली.

"शू..." जमिनीवर मांडी घालून बसलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरनं ओठांवर बोट ठेवलं, आणि मावशीकडे बघून तो हसला. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं. रडू कशाचं?

ओळख झाली तीच मुळी भांडणानं. याच ढिगात सापडलेलं मरगळलेलं पिल्लू ओढणीत गुंडाळून ती दवाखान्याच्या पायरीवर पोचली, तर हा आतूनच ओरडला होता, "थांबा! आत पाऊल टाकू नका!"

"ही काय पद्धत झाली माणसांशी बोलायची?" तीही तडकली होती.

"माणसांचं नंतर बघू. आत लस न झालेली पिल्लं आहेत. हिला विषाणूची लागण दिसतेय; तो कपड्यांना चिकटून पसरतो. तुम्ही घरी जा, मीच येतो."

आणि आला. रोज आला. दाराजवळच्या खुंटीवर ठेवलेला स्वतःचा जुना पांढरा शर्ट कपड्यांवरून चढवायचा, चिंधीच्या कातडीखाली सलाईन द्यायचं, आणि जाताना शर्ट इथंच ठेवायचा. इथला विषाणू इथंच राहावा म्हणून! तो गेला की ती शर्ट जंतुनाशकात बुडवून धुवायची.

"बटण कुणी लावलं?" एकदा त्यानं विचारलं.

"लोंबत होतं."

"पांढऱ्या शर्टाला लाल दोरा? शिवणकाम करता ना तुम्ही?"

"सुईत तोच ओवलेला होता. पेशंटनं तक्रार केलीय का?"

"पेशंटला आवडलाय. डॉक्टरलाही..."

पांढरं रीळ तर तिच्या हाताशीच होतं. मग लाल का घेतलं? तिचं तिलाच कळेना. चिंधी लवकर बरी व्हावी, असं तिला जीव तोडून वाटे— आणि इतक्यात नको, असंही. मग स्वतःचीच लाज वाटायची. तो तरी सलाईन संपल्यावर का रेंगाळायचा? पिल्लासाठी? की... छे! सगळ्यांशीच असा मायेनं बोलत असेल.

वाटी सरकत सरकत भिंतीला टेकली. रिकामी.

"आता सुया बंद," तो उठला. "माझं काम संपलं."

"हो... छानच झालं की." आवाज इतका कोरडा का निघाला?

दाराशी त्यानं शर्ट काढला. लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला... आणि शर्ट पुन्हा खुंटीला अडकवला.

"नेणार नाही?"

"का? खुंटी दुसऱ्या कुणाला द्यायचीय?"

"नाही हो! म्हणजे— काम संपलं ना तुमचं?"

"काम संपलं." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "उद्या येतो."

मागं वळून न बघता तो भराभर पायऱ्या उतरला. ती शर्टाची बाही चिमटीत धरून तशीच उभी.

"मावशी," चिंधीच्या मिशा फडक्यानं पुसत भाचीनं विचारलं, "चिंधी तर बरी झाली. मग डॉक्टरकाका उद्या कुणासाठी येणार?"