कोरी काच

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या छोट्या रुग्णालयात चादरी चारशे धुण्यांनंतरही पहिल्या दिवसाइतक्याच जांभळ्या होत्या. उकळतं पाणी, सोडा, ब्लीचिंग पावडर, कशानेही रंग हलत नसे. हा रंग जिवाणू बनवत. शहरातल्या रंगकारखान्यांनी रसायनं सोडून दिली होती. पोलादी टाक्यांमध्ये जनुकं बदललेले जिवाणू वाढत आणि त्यांच्या पेशींतलं जांभळं रंगद्रव्य थेट सुतात उतरे. नाल्यांचं पाणी स्वच्छ झालं होतं. कामगार त्या जिवाणूला लाडाने ‘जांभळी’ म्हणत.

प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ रिझवाना बागवान कामावर आली तेव्हा रंगवाचकाने निकाल देऊन ठेवला होता. हे यंत्र स्वतःच नमुन्याची काच रंगवी, पेशी पाही आणि अकरा मिनिटांत जिवाणूचा गट आणि औषध सांगे. ते आल्यापासून तबकड्यांमध्ये जिवाणू वाढवून बघणं बंद पडलं होतं.

“पाचव्यांदा तेच,” डॉ. कैवल्य हुंडेकरी म्हणाले. “नरसम्मा येमूल, खाट सात. जखमेतल्या पुवात जांभळे दंडाणू, काडीसारखे जिवाणू. म्हणजे ग्रॅम-धन. औषधही त्याचंच चालू आहे. तरी ताप एकशे चारवर आहे आणि सूज कोपरापर्यंत चढलीय. चार वाजता सर्जन येतायत. तोवर उतार पडला नाही तर हात काढावा लागेल.”

नरसम्मा बावन्न वर्षांची होती. तीस वर्षं तिने रंगखात्यात काढली होती. ज्या हाताने ती सूत पिळायची तोच हा उजवा हात.

रिझवानाने ताज्या पुवाची एक काच तयार केली आणि न रंगवता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“झालं सुरू,” हुंडेकरी म्हणाले. “अगं, रंग न लावता जिवाणू दिसतात का? बिनमिठाची आमटी चाखल्यासारखं आहे हे.”

“चाखलीच पाहिजे सर. मीठ आधीच कुणी घातलं असेल तर?”

ही सवय तिला प्रयोगशाळेतल्या जुन्या कुरणे सरांनी लावली होती. ते निवृत्त झाले, पण नियम ठेवून गेले: रंगवण्याआधी एक काच कोरी बघायची. एरवी कोऱ्या काचेवर जिवाणू म्हणजे जेमतेम जाणवणारी धूसर सावली. रिझवानाने प्रकाश कमी केला, भिंग फिरवलं आणि तिचा हात थांबला.

दंडाणू स्पष्ट दिसत होते. जांभळे. रंगाचा एक थेंबही न टाकता.

“सर, जरा बघा. हा रंग आपला नाही.”

हुंडेकरींनी डोळा लावला. मग भिंग स्वतः फिरवून पुन्हा पाहिलं.

ग्रॅम-रंजनाचं तत्त्व साधं आहे. आधी जांभळा रंग द्यायचा, मग अल्कोहोलने धुवायचं. जाड भिंतीच्या पेशी जांभळा रंग धरून ठेवतात, त्या ग्रॅम-धन. पातळ भिंतीच्या पेशी तो सोडतात आणि पुढच्या रंगाने गुलाबी होतात, त्या ग्रॅम-ऋण. दोघांची औषधं वेगळी. रिझवानाने कोऱ्या काचेवर अल्कोहोल सोडलं. जांभळा तसाच राहिला.

“पक्का रंग,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाला हवा म्हणून कंपनीने मुद्दाम पक्का केलेला. यंत्राला वाटलं, अल्कोहोलने धुऊनही जांभळा राहतोय, म्हणजे भिंत जाड.”

“पण जांभळी टाकीबाहेर जगत नाही. तिला एक खास पोषकद्रव्य लागतं आणि ते फक्त टाकीत असतं. ते नसेल तर पाव तासात मरते. सुरक्षेसाठी लावलेलं कुलूप आहे ते.”

रिझवाना तडक वॉर्डात गेली.

“मावशी, हाताला कापल्यावर काय लावलं होतं?”

नरसम्माने तापलेले डोळे उघडले. “काय लावणार? पट्टी बांधली की. टाकीतली चिंधी. जांभळी बाकीचे जंतू मारते म्हणून साहेबच सांगून गेले होते. सगळ्याच बांधतात.”

“आणि सुकल्यावर?”

“सुकू देतो होय? दर तासाला टाकीत बुचकळायची. ओली असली की गार वाटतं.”

कुलपाची किल्ली जखमेवरच बांधलेली होती. दर तासाला ताजं पोषकद्रव्य, आठवडाभर. तेवढ्या अवधीत जन्मलेल्या अब्जावधी पेशींतल्या एखादीने रक्तावर जगायचा मार्ग शोधला होता. पट्टी सुटून पाच दिवस झाले तरी जांभळी मेली नव्हती.

नरसम्माच्या पिशवीत ती पट्टी अजून होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, ओलसर. रिझवानाने तिच्यावरचा बुळबुळीत थर खरवडून दोन काचांवर घेतला. एकीवर पाणी टाकलं, दुसरीवर कॉस्टिक पोटॅशचं विरळ द्रावण. दोन्हींत बारीक तार फिरवली. पाण्यातून उचलली, काहीच आलं नाही. द्रावणातून उचलली तेव्हा तारेमागे पाकासारखा लांब धागा निघाला.

“पातळ भिंती फुटल्या, आतला डीएनए बाहेर आला,” ती म्हणाली. “ग्रॅम-ऋण. यात रंगाचा संबंधच नाही, त्यामुळे फसायला जागा नाही.”

“ही पट्टीवरची. जखमेतली तीच कशावरून?”

“असा पक्का जांभळा दुसऱ्या कुठल्या जिवाणूचा आहे सर?”

हुंडेकरींनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. “औषध बदला,” ते नर्सला म्हणाले. मग रिझवानाकडे वळून, “आणि आमटीबद्दलचं बोलणं मागे घेतो.”

चार वाजता सर्जन आले तेव्हा ताप एकशे दोनवर उतरला होता. त्यांनी हात तपासला आणि एक दिवस थांबायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी नरसम्मा डाव्या हाताने उप्पीट खात बसली होती. उजव्या हाताची बोटं हलत होती.

“नखं तेवढी जांभळीच राहिली बघ,” ती म्हणाली. “जाईल का गं हे?”

“नखं वाढतील तसं जाईल. मावशी, अशी पट्टी खात्यात आणखी कोण बांधतं?”

नरसम्मा हसली. “कोण बांधत नाही ते विचार, पोरी.”

दुपारी रिझवानाने काचांच्या दोन पेट्या घेतल्या आणि रंगाच्या बाटल्या कपाटातच ठेवल्या. काय शोधायचं आणि कसं, हे तिला पक्कं माहीत होतं. रंगखात्याच्या दारात बायका रांगेने हात पुढे करत होत्या, चेष्टा करत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. तिने पहिल्या हाताची जुनी, अशाच पट्टीखाली बरी झालेली जखम हलकेच खरवडली, काच छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि प्रकाश कमी केला.

टाकीबाहेर जगायला शिकलेला हा जीव एकाच हातावर शिकला असेल का?