वादळातली हजेरी

खरं सांगते, पटलं तर घ्या नाहीतर सोडून द्या. मी स्वतः तिथे होते.

अमेरिकेतल्या अलाबामातली आमची काउंटी, एप्रिलमधली दुपार. सकाळपासून असा घामट उकाडा, की दोरीवरचे कपडेसुद्धा वाळेनात. मग तळ्यावरचे बेडूक एकदम गप्प झाले...

आभाळ हिरवट पडलं, म्हणजे चक्रीवादळ येणार.

"चला, खाली!" वर्डेल मावशी ओरडली.

आमच्याकडे घरामागच्या लाल मातीत वादळासाठी तळघर खणलेलं असतं. मावशी, तिचा मुलगा क्लिऑन आणि मी धावलो. होझिया काका मात्र गोठ्यातली गाय सोडायला वळले.

"या माणसाला बायकोपेक्षा गाय प्यारी!" मावशी करवादली.

"गाय उलटून बोलत नाही ना," काका लांबून हसले. "आलोच. कडी लावू नकोस."

आत मिट्ट काळोख. मावशीचा नियमच तसा. विजा चमकतात तेव्हा देव काम करत असतो. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. तळघरात ती टॉर्चही ठेवू देत नसे. कडी लावण्याआधी फक्त हजेरी घ्यायची.

"क्लिऑन?"

"आहे."

"लेटी?"

"आहे," मी म्हटलं.

"होझिया?"

"आहे गं. लाव कडी."

रताळ्यांच्या पोत्यांमागून आवाज आला. काकांचाच. मला वाटलं, आले असतील अंधारात मागून.

मावशीने कडी लावली. वारा सुटला, दार थरथरायला लागलं.

आणि मग... दारावर धपाधप थापा.

"वर्डेल! उघड! अगं, मी आहे!"

मावशी कडीकडे झेपावली.

पोत्यांमागून शांत आवाज आला...

"उघडू नकोस. पोरं मरतील."

दोन्ही आवाज काकांचे. तोच घोगरेपणा.

"देवा, यातला माझा कुठला?" मावशी कडी धरून रडत होती. क्लिऑन "बाबा, बाबा" म्हणत होता, पण तोंड कुठे वळवावं हेच त्याला कळेना. मला तर हलताही येईना.

थापा थांबल्या.

वादळ गेल्यावर दार उघडलं. पोत्यांमागे कोणी नव्हतं.

काका दाराबाहेर पडले होते. थंडगार. मुठी सोललेल्या. गाय त्यांच्याजवळ उभी होती, धडधाकट.

मावशी अजूनही हजेरी घेते. काकांचंही नाव पुकारते आणि कान लावून बसते. उत्तर येत नाही.

पण गेल्या आठवड्यात वादळ आलं, तेव्हा तिने माझं नाव घेतलं. मी तोंड उघडायच्या आतच पोत्यांमागून...

"आहे."

माझ्या आवाजात.

मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "वेडी का काय! तूच बोललीस की."

आज पुन्हा तसाच उकाडा आहे. मी गावातल्या दुकानात कामावर अडकलेय, घर लांब आहे. मावशीचा फोन लागत नाहीये. मी येईपर्यंत कडी लावू नकोस, एवढंच तिला सांगायचंय.

बाहेर बेडूक आत्ताच गप्प झाले.