उजवीकडची सीट

रविवारी दुपारी बेल वाजली तेव्हा अपर्णाच्या हातात पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याची, वाटी होती, आणि मागच्या खोलीत बाबा एकटेच दोन आवाजांत बोलत होते.

“दिवे?” हा त्यांचा नेहमीचा आवाज, बँकेत मॅनेजर असतानाचा.

“लावले.” हा बारीक, मुद्दाम नाजूक केलेला.

“झडपा?”

“खाली.”

“चाकं?”

“तीही खाली.”

निवृत्त झाल्यापासून विनायक सबनीस अडाजणच्या त्या फ्लॅटमध्ये विमान बांधत होते. म्हणजे विमानाचं नुसतं नाक. प्लायवुडचं कॉकपिट, समोर तीन पडदे, आत भंगारातून आणलेल्या गाडीच्या दोन सीट. पडद्यावर हुबेहूब रनवे दिसायचा आणि हातातला दांडा ओढला की जमीन खाली खाली जायची. अपर्णाच्या आईच्या, शकुंतलाबाईंच्या, शिलाई मशीनचं पायडल मधोमध कापून त्याची दोन पायडलं केली होती, त्यावरून त्यांच्यात आठवडाभर अबोला झाला होता. नाक सावरायचं चाक म्हणजे पतंगाची फिरकी होती. खऱ्या विमानात एक वैमानिक विचारतो, दुसरा उत्तर देतो. तोंडाने बोलल्याशिवाय काम झालं असं धरत नाहीत. इथे दुसरा नव्हता, म्हणून बाबा दोन्ही आवाज काढत. तो बारीक आवाज आपला आहे हे अपर्णाला ठाऊक होतं. तो तिला मुळीच आवडत नसे.

तिने दार उघडलं. बाहेर एक उंच तरुण उभा होता. कानावर पेन्सिल, काखेत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

“कॅप्टन आहेत का?”

“इथे कॅप्टन कोणी नाही. विनायक सबनीस राहतात.”

“तेच. आमच्या दुकानात ते कॅप्टनच आहेत.” तो हसला. “मी भूपेंद्र. उधन्याला आमचं लेझर कटिंगचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, साडीवाल्यांचे बोर्ड... आणि सध्या विमानं.”

त्याने साडी उलगडली. काळ्या अॅक्रिलिकची पट्टी, तिच्यावर बाबांनी हट्टाने मराठीत करून घेतलेली बटणांची नावं. अपर्णा वाचायला वाकली... आणि तिला हसू आवरेना.

“वरच्या रेघा कुठे गेल्या हो?”

“तेच सांगायला आलोय. आमचा कारागीर महुव्याचा. गुजरातीला कुठे रेघ असते? त्याने एकेक रेघ निवांत बसून साफ केली. वर मला म्हणतो, भाई, डाघ हतो, काढी नाख्यो. डाग समजून पुसला!”

“छान दिसतंय. उघडंबोडकं.”

“मॅडम, तुम्ही हसा, पण काकांना तुम्हीच सांगा.”

“मॅडम नका म्हणू. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर तेच ऐकते.”

“मग... काका अपर्णा म्हणतात, तर अपर्णाबेन?”

“ते तर अजिबात नको,” ती पटकन म्हणाली. इतक्या पटकन, की दोघेही क्षणभर पोंकाच्या वाटीकडे बघत राहिले.

“अपर्णा!” आतून हाक आली. “कोण आहे गं? आणि येतेस का जरा? उजवी सीट रिकामीच आहे.”

“नंतर, बाबा.”

दर रविवारी तीच हाक असे आणि दर रविवारी तेच उत्तर. ते उत्तर इतकं वापरून गुळगुळीत झालं होतं की देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. भूपेंद्र आत गेला. तासभर त्या दोघांच्या हसण्याचे आवाज येत राहिले. निघताना त्याच्या मुठीत शकुंतलाबाईंनी दिलेला पोंक होता.

“पुढच्या रविवारी रेघा घेऊन येतो,” तो चपला घालत म्हणाला.

“काही विसरलात तर नाही ना?”

“विसरायला हवं होतं,” तो म्हणाला, “म्हणजे उद्याच यावं लागलं असतं.”

दार लावल्यावर अपर्णा पुस्तक उघडून बसली. पान काही उलटलं नाही. आईने ते पाहिलं आणि शेवेचा डबा उगाचच दोनदा झाकला. त्या घरात बोलण्यापेक्षा डबे झाकण्याची पद्धत होती.

सोमवारी सकाळी बाबा दूध आणायला खाली गेले. लिफ्ट वर आली, दार उघडलं, तेव्हा ते कोपऱ्यात टेकून बसलेले होते. दुधाची पिशवी मांडीवर नीट धरलेली. फुटली नव्हती.

पुढच्या रविवारी भूपेंद्र आला तो दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून जिन्यातच थांबला. मग त्याने आपल्याही चपला काढल्या, पुरुषांमध्ये जाऊन भिंतीशी बसला आणि थोड्या वेळाने उठून गेला. नंतर चपलांच्या कपाटामागे अपर्णाला ती पट्टी सापडली. त्याच साडीत गुंडाळलेली. सगळ्या अक्षरांना आता रेघा होत्या.

होळी झाली. शकुंतलाबाई एकदा भाजी चिरताना म्हणाल्या, “नाशिकला जावं म्हणते. माझा दादा बोलावतोय. हा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू.”

“बरं,” अपर्णा म्हणाली. आईला ती बंद खोली रोज बघवत नसणार, हे तिला समजत होतं. नाशिकच्या एका कॉलेजात तिने नोकरीची चौकशी केली. त्यांनी येण्याबद्दल नक्की कळवायला सांगितलं. मग उरलं ते विमान. तिने भूपेंद्रला निरोप धाडला, घेऊन जा.

तो टेप घेऊन आला. कॉकपिट मोजलं, मग दार मोजलं, मग पुन्हा कॉकपिट मोजलं.

“निघणार नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“दारापेक्षा मोठं आहे. मी दुकानात तुकडे कापून द्यायचो, काका इथे आतल्या आत जोडत गेले...”

“बाबांनी दाराचं माप घेतलं नव्हतं?”

“मला वाटलं त्यांनी घेतलं. त्यांना वाटलं असेल मी घेतलं.” त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. “दोघं मिळून महिनोन् महिने बांधत होतो, आणि कोणी कोणाला विचारलंच नाही.”

अपर्णाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसू होतं, हे तिला जरा उशिराच कळलं.

“खोलावं लागेल,” तो म्हणाला. “पण एक मागू? थोडंच काम बाकी आहे. पुरं करतो, एकदा उडवतो, मग माझ्या हाताने खोलतो. अर्धवट वस्तू तोडायला हात होत नाही.”

“आम्ही निघेपर्यंतचे रविवार घ्या,” ती म्हणाली. अगदी ग्रंथालयात पुस्तकाला मुदत वाढवून द्यावी तशी.

वायर जोडायची तर एकाने पॅनलमागे शिरायचं आणि दुसऱ्याने पुढून धरायचं. पुढून धरायला उजवीकडच्या सीटवरच बसावं लागे. अशी अपर्णा पहिल्यांदा तिथे बसली. निमंत्रणावरून नव्हे, टॉर्च धरायला.

“थोडा डावीकडे धर... धरा. सॉरी.”

“धर चालेल.”

पॅनलमागे एक स्क्रू खाली पडला. मग तिथून आवाज आला, “बराबर.”

त्याच्या शर्टाला जळलेल्या अॅक्रिलिकचा वास असे. कधी त्याच्या आईचा, मालतीबाईंचा फोन येई. “हाव माय, यी ऱ्हायनू,” असं घरच्या बोलीत म्हणून तो पुढे बराच वेळ बसून राही.

“येतो म्हणालास ना?”

“येतोच आहे. निघायची वेळ कुठे सांगितली?”

“खोटारडा.”

“तू पुस्तक घेऊन येतेस आणि एक पान वाचत नाहीस, ते काय मग?”

“माझं लक्ष टॉर्चकडे असतं.”

“टॉर्च मघापासून बंद आहे, अपर्णा.”

तिने घाईने बटण दाबलं. उजेड नेमका त्याच्या चेहऱ्यावर पडला, आणि तिने तो हलवायला जरा जास्तच वेळ घेतला.

एकदा तो डोक्यावरच्या फळीचे स्क्रू काढत असताना तिला उजव्या बाजूला एक छोटा दिवा दिसला. डावीकडे तसा नव्हता.

“हा कशाला?”

त्याचे हात थांबले. “तो काकांनी त्या रविवारी माझ्याकडून लावून घेतला. मी म्हटलं, कॉकपिटमध्ये एवढा लख्ख दिवा कोण लावतं, समोरचं दिसणार नाही. तर म्हणाले, तू लाव. पोरगी आली तर पुस्तक घेऊन येईल.”

अपर्णाने दिवा लावला. मालवला. पुन्हा लावला.

“तार सैल आहे वाटतं,” ती म्हणाली.

तार पक्की होती. भूपेंद्रने ती वाकून बारकाईने पाहिली आणि पाठ तिच्याकडे करून म्हणाला, “हो. आहे थोडी. थांब, बघतो.” तो बराच वेळ बघत राहिला.

शेवटचा रविवार आला. बाहेरच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा होता, आणि नाशिकला फोन करून हो म्हणायचं होतं. भूपेंद्र दाराशी घुटमळला.

“मी उजवीकडे बसू? डावी जागा काकांची...”

“उजवी माझी आहे,” अपर्णा म्हणाली.

शकुंतलाबाई चहाचा कप घेऊन दारात स्टुलावर बसल्या. “कुठे चाललंय विमान?”

“नाशिक, काकू.”

“आजच? मग दोन खोकी टाक मागे. टेम्पोवाल्याचं ओझं तरी हलकं होईल.”

“दिवे?” भूपेंद्रने विचारलं.

“लावले,” अपर्णा म्हणाली. पट्टीवर तो शब्द होता, रेघेसकट.

“झडपा?”

“खाली.”

“अगं बाई,” मागून आई म्हणाली. “ते तुझा आवाज अगदीच चुकीचा काढायचे.”

पडद्यावर रनवे धावायला लागला. भूपेंद्रने दांडा ओढला, जमीन सुटली. समोर डुमसचा समुद्र, उजवीकडे दूर हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. डावीकडे वळल्यावर उसाची हिरवी चौकडी लागली, मग डांगचे डोंगर. सगळं चित्रातलं, तरी अपर्णाचे पाय शिलाई मशीनच्या पायडलावर घट्ट रोवलेले होते.

“आता तू घे,” तो म्हणाला. “कंट्रोल तुझ्याकडे.”

तिने समोरचा दांडा धरला. त्याने आपला सोडला नाही.

“बोल ना.”

“धरलाय की.”

“ते दिसतंय. तू बोलल्याशिवाय मी सोडत नाही. नियम आहे.” मग जरा हळू, “आणि मला सोडायचंही नाहीये... ते निराळं.”

अपर्णा समोर बघत राहिली. डोंगर संथपणे मोठे होत होते.

“उद्या सकाळी येऊन खोलतो मग,” तो म्हणाला.

“खोल बाबा,” मागून शकुंतलाबाई म्हणाल्या. “हिला ही खोली डोळ्यांसमोर नको झालीय. म्हणून तर मी नाशिकचं काढलं.”

अपर्णा वळली. तिच्या हाताबरोबर दांडाही वळला आणि डांगचं जंगल तिरपं झालं. “मला? आई, मला वाटलं तुला नकोय!”

“मला काय झालंय? मला दादाकडे महिनाभर राहायचं होतं. जन्मभर कोण म्हणालं?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस?”

कुठेतरी घंटा केकाटायला लागली. “डोंगर!” भूपेंद्र ओरडला. “भांडा, पण डोंगर बघून भांडा!” त्याने दांडा ओढला, अपर्णानेही ओढला, शकुंतलाबाईंनी चहाचा कप छातीशी धरला. सगळा पडदा आकाशाने भरून गेला. घंटा थांबली. खाली कातळ सरकून गेला आणि पुढे मोकळं पठार लागलं.

शकुंतलाबाईंनी पदरावर सांडलेला चहा झटकला.

“कोणी कोणाला विचारत नाही ह्या घरात,” भूपेंद्र म्हणाला. “दाराचं मापही नाही... बरं. मी विचारतो.” त्याचे कान लाल झाले होते. तो पडद्याकडेच बघत होता. “अपर्णा. थांबतेस?”

नंतर सांगते. शब्द तिच्या तोंडाशी आला. जुना, गुळगुळीत, सवयीचा. डोक्यावरचा छोटा दिवा लागलेला होता. तो कधी लावला ते तिला आठवेना. मांडीवर पडलेल्या त्या पिवळ्या वर्तुळात सहज एक पान मावलं असतं.

“थांबते,” ती म्हणाली. “सोड आता. कंट्रोल माझ्याकडे.”

त्याने हात काढला. विमान किंचित डगमगलं, मग स्थिर झालं.

“आणि मला तू आवडतोस. हे पण नियमात बसतं का?”

“ऐकलं,” तो कसाबसा म्हणाला. “ऐकलं की तेच परत म्हणायचं असतं. मला तू आवडतेस, अपर्णा. पोंकाच्या वाटीपासून.”

शकुंतलाबाईंनी रिकाम्या कपातून चहाचा घोट घेतला.

पठारावर दूर रनवेची बारीक रेघ दिसायला लागली होती. अपर्णाने दांडा नीट धरला, पाठ सीटला टेकवली. मग आतल्या खोलीतून आलेल्या हाकेला बाहेरच्या खोलीतून ओ द्यावी, तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात ती म्हणाली,

“आले, बाबा.”